शाई कुठे अडली?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांची वाटचाल माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने सांगितली आहे. तीच पाने मी पुन्हा उलगडणार नाही. आज मी आपल्याशी कार्यालयाच्या कोपऱ्यात बसणाऱ्या एका लहानशा यंत्राविषयी बोलणार आहे. कागदावर शाईचे सूक्ष्म थेंब उडवून छापणारा प्रिंटर, ज्याला आपण इंकजेट म्हणतो, तो आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या आतली शाई वाहते आहे की अडली आहे, हे कागदाकडे न पाहता केवळ तापमानावरून ओळखता येते. ते कसे, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या मुख्याध्यापिकेने यंत्राविषयी का बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे, की आपल्या नववीच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर एक प्रयोग मांडला आहे. तो वरच्या मजल्यावरील प्रदर्शनात आपण पाहिला असेल. नसल्यास जाण्यापूर्वी अवश्य पाहावा. दुसरे कारण असे, की परप्रांतातील मराठी शाळेचे मराठीपण बऱ्याच अंशी कार्यालयातील शाईवर अवलंबून असते.

हे दुसरे विधान थोडे स्पष्ट करते. महाराष्ट्रातील शाळेला प्रश्नपत्रिका छापून हवी असेल, तर गावात मराठी जाणणारा छापखाना सापडतो. आपल्याकडे तसे नाही. इथल्या छापखान्यांची लिपी वेगळी. आणि जिथे देवनागरी मिळे, तिथे ती हिंदीच्या सोयीने जुळवलेली असे. त्यात 'ळ' शोधावा लागे आणि 'सुऱ्या' या शब्दातला रफार 'सूर्या'सारखा डोक्यावर जाऊन बसे. म्हणून सुरुवातीपासून आपल्या शिक्षकांनी प्रश्नपत्रिका स्वतःच तयार केल्या. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने कोरलेली अक्षरे, सायक्लोस्टाइल यंत्राचा फिरवायचा दांडा, शाईने काळी झालेली बोटे आणि ओल्या शाईचा वास. समोर बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवरून दिसते आहे, की तो वास त्यांना आठवतो. पुढे संगणक आला आणि त्याच्यासोबत इंकजेट प्रिंटर आला. आज आपल्या सर्व प्रश्नपत्रिका, शब्दसूची, वाचनपाठ आणि पालकांची पत्रे त्याच्यावर निघतात.

शाई किंचित अडली, तर देवनागरीचे काय होते ते पाहा. प्रिंटरचे छपाईचे डोके, म्हणजे प्रिंटहेड, कागदावरून आडवे धावते आणि त्याची छिद्रे उभ्या रांगेत असतात. एक छिद्र बंद पडले, की कागदावर केसाएवढी आडवी पांढरी रेघ उमटते. ती रेघ नेमकी शिरोरेषेवर आली, तर संपूर्ण ओळीची शिरोरेषा पुसट होते. ती थोडी वर सरकली, तर अनुस्वार गळतात. 'त्यांचा' या शब्दावरील टिंब गेले, की 'त्याचा' उरतो. अनेकवचन एकवचन होते, आदर एकेरीवर येतो आणि वचन ओळखा असे विचारणारा प्रश्नच चुकीचा ठरतो. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत दशांशचिन्ह गेले तर काय होईल, हे मी सांगण्याची गरज नाही.

आता यंत्राकडे वळते. प्रसिद्ध हकिकत अशी आहे, की १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीतील संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत एका तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा स्पर्श शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला झाला आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने शाईला ढकलता येते, ही कल्पना त्यातून आकाराला आली. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जॉन व्हॉट यांनी १९७९ च्या सुमारास स्वतंत्रपणे याच मार्गाने विचार केला. कॉफी उकळण्याच्या भांड्यात वाफेच्या जोराने पाणी वर चढते, हे दृश्य त्यांना उपयोगी पडले असे सांगतात. १९८४ मध्ये त्या कंपनीचा थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आला. त्याच्या हेडमध्ये केवळ १२ छिद्रे होती. आजच्या हेडमध्ये ती शेकड्यांनी, काही यंत्रांत हजारांनी असतात.

प्रत्येक छिद्रामागे शाईची एक सूक्ष्म कोठडी असते आणि तिच्यात धातूच्या पातळ थराचा एक तापक असतो. त्याला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट इतका अल्प काळ वीज दिली जाते. तेवढ्यात तापकाला टेकलेला शाईचा पातळसा थर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, त्याची वाफ होते, वाफेचा फुगा उठतो आणि तो समोरची शाई छिद्राबाहेर फेकतो. फुगा विझतो, रिकामी झालेली कोठडी मागून येणारी शाई ओढून घेते आणि पुढच्या थेंबाची तयारी होते. हे सारे एका सेकंदात हजारो वेळा घडते. थेंब किती लहान असतो? पाच पिकोलिटरचा थेंब धरला, तर एक मिलिलिटर शाईत असे वीस कोटी थेंब मावतात.

इथे आपल्या विषयाचे मर्म येते. तापकात निर्माण झालेली उष्णता जाते कुठे? तिचा काही भाग हेडच्या सिलिकॉनच्या चकतीत मुरतो. परंतु मोठा वाटा उडणाऱ्या थेंबाबरोबर बाहेर जातो आणि मागून येणारी थंड शाई आतील भाग निववते. म्हणजे शाई केवळ अक्षर उमटवत नाही. ती हेडला थंडही ठेवते. शाई येईनाशी झाली, तर वीज तेवढीच मिळते, तापक तेवढाच तापतो, परंतु उष्णता बाहेर नेणारे कोणी उरत नाही. तापमान नेहमीपेक्षा वेगाने चढू लागते.

आपल्या माताभगिनींना हे नवे नाही. चुलीवर ठेवलेल्या आधणात पाणी आहे तोवर, जाळ कितीही मोठा केला तरी, पातेले शंभर अंशांच्या आसपासच राहते. दिलेली उष्णता वाफ होऊन निघून जाते. पाणी आटले, की पातेले पाहता पाहता तापून काळे पडते. विजेवर चालणारा भाताचा कुकर याच खुणेवर आपोआप बंद होतो. भातातील पाणी संपले, की तळाचे तापमान शंभरच्या वर जाते आणि कळ सुटते. कुकरला पाणी दिसत नाही; ते संपल्याचे त्याला तळाच्या तापावरून कळते. नववीच्या विद्यार्थ्यांनी हेच सोप्या रीतीने दाखवले आहे. एकाच मापाच्या स्टीलच्या दोन वाट्या, खाली सारख्याच मेणबत्त्या, एका वाटीत पाणी आणि दुसरी रिकामी. दोन्ही वाट्यांच्या कडांना तापमापक लावले आहेत आणि दर अर्ध्या मिनिटाला नोंद घेतली आहे. दोन आलेखांतील फरक भिंतीवर लावलेला आहे.

प्रिंटरमध्ये तापमापक कसा बसवतात? चकतीवरच एक बारीक धातूची पट्टी किंवा एक डायोड घडवलेला असतो. तापमान एक अंशाने वाढले, की ॲल्युमिनियमच्या पट्टीचा विद्युतरोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. डायोडवरील व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते. हे सूक्ष्म बदल मोजले, की तापमान कळते. मुळात हा सेन्सर वेगळ्या कामासाठीही लागतो. थंडीत शाई दाट होते व थेंब लहान पडतात. हेड तापले की शाई पातळ होऊन थेंब मोठे पडतात आणि छपाई गडद होते. म्हणून थंड सकाळी काही प्रिंटर छपाईपूर्वी हेड थोडे कोमट करून घेतात. त्याच सेन्सरकडून शाईच्या प्रवाहाची वार्ताही मिळवता येते.

परंतु नुसता आकडा पाहून काही कळत नाही. मे महिन्याच्या दुपारी खोलीच चाळीस अंशांवर असते आणि जानेवारीच्या पहाटे ती दहावर येते. शिवाय पानभर गडद चित्र छापताना हेड तापणारच. चार ओळींचे पत्र छापताना ते फारसे तापणार नाही. म्हणून यंत्र दोन गोष्टींची सांगड घालते. आपण किती थेंबांसाठी वीज दिली, हे त्याला ठाऊक असते. तेवढ्या कामाला तापमान कितीने चढायला हवे, याचा अंदाज त्याच्या स्मृतीत असतो. प्रत्यक्ष चढ त्याहून बराच अधिक दिसला, की शाई पोहोचत नाही असा निष्कर्ष निघतो. किती तापले यापेक्षा केलेल्या कामाच्या मानाने किती तापले, हा प्रश्न येथे महत्त्वाचा असतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. शेकडो छिद्रांपैकी एकच बंद पडले, तर संपूर्ण चकतीच्या तापमानात त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी अधिक बारीक उपाय योजला गेला: प्रत्येक तापकाखाली स्वतंत्र सेन्सर. थेंब नीट सुटला असेल, तर फुगा विझल्यावर शाई परत तापकाला येऊन टेकते आणि उतरत्या तापमानाच्या रेषेत एक ठळक वळण दिसते. थेंब सुटला नसेल, तर ते वळण दिसत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्वच इंकजेट उष्णतेवर चालत नाहीत. काहींत विजेने किंचित वाकणारा पिझो स्फटिक शाईला ढकलतो. तिथे तापाची खूण उपयोगी नाही. ढकलल्यानंतर कोठडीत उरणारी कंपने ऐकून बिघाड ओळखतात. ज्याची त्याची खूण वेगळी असते. ती कुठे पाहायची हे आधी समजून घ्यावे लागते.

शाई अडल्याचे कळल्यावर चांगले यंत्र काय करते? ते वेग कमी करते किंवा थांबते आणि कारण शोधण्यास वाव देते. ते वीज वाढवत नाही. कोरड्या कोठडीला ठोके देत राहिले, तर तापक जळतो आणि जळलेला तापक पुन्हा दुरुस्त होत नाही. शाईचे अंश तापकावर करपून त्यांची पुटे चढण्याच्या क्रियेला या शास्त्रात कोगेशन म्हणतात. भात तळाला लागून करपतो, त्यासाठीच्या 'कोगे' या जपानी शब्दावरून ती संज्ञा आली आहे.

आता कारणांचा विचार करू. शाई खरोखर संपलेली असू शकते. छिद्राच्या तोंडाशी ती वाळलेली असू शकते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळांमध्ये हेच घडते. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असू शकतो. मागणी इतकी जोराची असू शकते, की कार्ट्रिजमधील स्पंजातून शाई तेवढ्या वेगाने झिरपू शकत नाही. मग पानाचा वरचा अर्धा भाग ठसठशीत आणि खालचा पुसट निघतो. आणि एक कारण असे आहे, की ज्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कार्ट्रिजच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली, किंवा तिच्यावरची चिकटपट्टी काढायची राहिली, तर आत हवा येत नाही आणि म्हणून शाई बाहेर जात नाही. कार्ट्रिज भरलेले असते, हेड उत्तम असते, तरी कागद कोरा निघतो. अशा वेळी पुष्कळ लोक हेड बाद झाले असे समजून ते टाकून देतात.

घरी प्रिंटर असलेल्यांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. आठवड्यातून एकदा तरी सर्व रंगांचे एक पान काढावे. प्रिंटर भिंतीवरील बटणाने न बंद करता त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे हेड आपल्या टोपणाखाली जाऊन बसते व छिद्रे वाळत नाहीत. हेड साफ करण्याचा आदेश पुन्हा पुन्हा देऊ नये. त्यात शाई वाया जाते. एकदा-दोनदा देऊन फरक पडला नाही, तर काही तास थांबून चाचणीचे पान काढावे आणि शाईची सारी वाट टाकीपासून तपासावी.

पालकहो, आता मी मुख्याध्यापिका म्हणून बोलते. आपणा सर्वांना माहीत आहे, की पुढील वर्षापासून पाचवीनंतरचे माध्यम बदलावे का, हा प्रश्न विश्वस्तांपुढे विचारासाठी आहे. पहिलीचा पट घटला आहे. वरच्या वर्गांत मुले विज्ञान व इतिहास या विषयांत मागे पडतात, चिडतात, वह्या अपुऱ्या ठेवतात, अशा तक्रारी पालकसभेत आल्या आहेत. त्या खऱ्या आहेत. मुले तापलेली आहेत, याविषयी वाद नाही. हा ताप कशाची खूण आहे, एवढाच प्रश्न आहे.

गेल्या जूनपासून पाचवीच्या वर्गशिक्षिकेने शेरे न लिहिता नोंदी ठेवल्या. कोणता मुलगा कोणत्या तासाला अस्वस्थ होतो, कोणती मुलगी कोणत्या पानावर थांबते, हे त्यांनी लिहून काढले. प्रत्येक मुलाची तुलना त्यांनी दुसऱ्या मुलाशी न करता त्याच्याच इतर तासांशी केली. त्यातून दिसले ते असे. गणिताच्या तासाला हीच मुले शांत असतात. विज्ञानाच्या तासाला, 'बाष्पीभवन', 'प्रकाशसंश्लेषण' असे शब्द आले, की ती अडतात. कारण ज्या घरांत मराठी केवळ आजीशी बोलली जाते आणि ज्या गल्लीत ती मुळीच ऐकू येत नाही, तिथून हे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. यंदा पाठ्यपुस्तके आपल्या हाती पडायला ऑगस्ट उजाडला. दोन विषयांना पूर्णवेळ शिक्षक नाहीत. मराठीतून विज्ञान शिकवणारी व्यक्ती या शहरात मिळणे सोपे नाही.

त्यानंतर वर्गात दोनच गोष्टी केल्या. धडा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यातील शब्द मुलांशी गप्पांतून बोलले गेले, आणि शब्दांची एक लहान यादी छापून प्रत्येक घरी पाठवली. दिवाळीनंतरच्या नोंदी पाहिल्या, तर विज्ञानाच्या तासाची अस्वस्थता बरीच उतरली आहे. सर्व प्रश्न सुटले, असा माझा दावा नाही. काही मुले अजूनही अडतात आणि त्यांची कारणे वेगळी असतील. एका छिद्राचा बिघाड सगळ्या हेडच्या तापावरून कळत नाही, हे मी आधीच सांगितले. त्यांच्यासाठी एकेकाकडे स्वतंत्रपणे पाहावे लागेल.

तापलेल्या मुलाला आपण बहुधा अधिक काम देतो, अधिक शिकवण्या लावतो, अधिक बोलतो. कोरड्या हेडला अधिक वीज देण्यासारखेच ते आहे. आधी थांबावे, आणि शाई कुठे अडली हे मागे जाऊन पाहावे. माध्यम बदलायचे की नाही, याचा निर्णय विश्वस्त करतील आणि तो त्यांचा अधिकार आहे. माझी विनंती इतकीच आहे, की निर्णयापूर्वी एक पूर्ण वर्ष सर्व वर्गांत अशा नोंदी घेतल्या जाव्यात. हेड खरोखर बाद झाले असेल तर ते बदलावेच. परंतु हवेची वाट बुजलेली असताना हेड बदलले, तर नवे हेडही तसेच कोरडे पडेल. ज्या मुलाच्या घरी त्याच्याशी कोणी निवांत बोलत नाही, ते मूल माध्यम बदलून सुखी होईल, असे मानण्यास आधार नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे मी देणगी मागत नाही; ती आपण उदारपणे दिली आहे. मी आपल्याकडे आठवड्याचा एक तास मागते. आपल्यापैकी कोणी अभियंते आहेत, कोणी डॉक्टर, कोणी बँकेत, कोणी प्रयोगशाळेत आहेत. आपल्या कामाविषयी मराठीतून मुलांशी बोला. प्रत्यक्ष येता आले नाही, तर दूरध्वनीच्या पडद्यावरून बोला. शब्द जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला, की तो मुलाचा होतो. पालकांकडे मी रात्रीच्या जेवणाचा वेळ मागते. त्या वेळी आज शाळेत काय झाले, हे मराठीतून विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. नोंदवहीचा नमुना कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना या कामात सहभागी व्हायचे असेल, त्यांनी आज जाण्यापूर्वी आपले नाव तिथे लिहून द्यावे.

कागदावरचे अक्षर पुसट झाले, की कोणालाही दिसते. त्याच्याआधी कुठेतरी उष्णता चढू लागलेली असते आणि ती हात लावणाऱ्यालाच कळते. आपल्या शाळेतील शिक्षकांनी तो हात लावला आहे. पुढचे काम आपण सर्वांनी मिळून करायचे आहे.